जाणार आहोत

पायांबद्दल माणसं जितकं खोटं बोलतात तितकं वयाबद्दलही बोलत नसतील. तेहतीस वर्षं मी एका मोठ्या दुकानाच्या बुटांच्या विभागात उभी आहे, खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांच्या पायाशी बसलेली आहे, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकते. समोरची बाई ठासून सांगते, माझं माप पाच. मी पायाकडे बघते, तो चांगला साडेसहाचा असतो. मी वाद घालत नाही. साडेसहाची जोडी आणते, आतला आकडा अंगठ्याखाली झाकून बूट चढवते आणि बाई खूश होऊन आरशापर्यंत चालून येते. माझ्या जिभेला धार आहे असं दुकानात सगळेच म्हणतात, पण पायांपुढे मी ती वापरत नाही.

त्या दिवशी दुपारी टिटवीचा फोन आला. टिटवी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आता चौतीस वर्षांची आहे, एका मुलीची, पिल्लूची, आई आहे, ऑफिसात तिच्या हाताखाली आठ माणसं आहेत. नाव मीच ठेवलं, कारण ती बोलायला लागली की मध्ये श्वास कधी घेते ते कळत नाही. चार वर्षांची असताना ती माझ्याकडे राहायला आली. धाकटीची आणि मेहुण्यांची, दोघांचीही नोकरी परगावी आणि पाळ्यांची, पोरीकडे बघायला कोणी नाही. सहा महिन्यांचा प्रश्न आहे, असं धाकटी म्हणाली होती. सहा महिन्यांची आठ वर्षं झाली. मग त्यांची बदली झाली, घर मोठं मिळालं आणि ती मुलीला घेऊन गेली. तिची मुलगी, ती घेऊन गेली, यात तिचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मी एवढंच केलं, की दुकानात तोवर मी सांभाळत असलेला शाळेच्या बुटांचा कोपरा दुसऱ्या मुलीकडे सोपवला आणि मोठ्यांच्या बुटांकडे बदलून घेतलं.

तर फोनवर टिटवी नेहमीप्रमाणे कुठेतरी निघालेली होती. मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"मावशी, ऐक. पुढच्या महिन्यात त्या मोठ्या पार्कला जाणार आहोत, शनिवार-रविवार, दोन दिवस. नुसतं चालायचंय गं. लोक म्हणतात, दिवसाला वीस-वीस हजार पावलं होतात. बूट कुठले घ्यायचे ते तूच ठरव. सगळ्यांचे. मी मापं पाठवते."

आणि फोन ठेवला. मी तिथेच खोक्यांच्या चळतीला टेकून उभी राहिले. जाणार आहोत. पार्कला. मी आणि टिटवी.

हे पाळण्यांचं पार्क कुठलं ते सांगते. टिटवी माझ्याकडे असताना ते नवं झालं होतं, शहराबाहेर बरंच लांब, आताच्या मानाने अगदीच लहान. तिच्या वर्गातल्या मुली रविवारी जाऊन यायच्या आणि सोमवारी हातावरचा गेटचा शिक्का मिरवायच्या. टिटवीला तो शिक्का हवा होता. दर शनिवारी ती मला विचारायची, उद्या जायचं? आणि मी म्हणायची, बघू. शनिवार-रविवार म्हणजे आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मला सुटी मिळायची ती मंगळवारी, आणि मंगळवारी तिची शाळा. मी तिला फसवत होते असं नाही, दरवेळी मी खरंच बघणार होते. बघू बघू म्हणता म्हणता ती बारा वर्षांची झाली, आणि तिचे कपडे भरायला धाकटी माझ्या खोलीत येऊन बसली.

संध्याकाळी टिटवीने मापं पाठवली. आई साडेपाच, बाबा आठ, नवऱ्याचं नऊ, पिल्लूचं मुलांचं अकरा. शेवटी लिहिलं होतं, माझं तुला माहीतच आहे. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तुम्ही हसाल. टिटवीचं पाच. लग्नात तिचे बूट मीच दिले होते, तेव्हाही पाचच. यादीत माझं माप नव्हतं, आणि ते नसण्यात मला काहीच वावगं दिसलं नाही. माझ्या पायाचं माप मला कोण कळवणार?

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरबाईंकडे त्या शनिवार-रविवारच्या सुटीचा अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सगळं उत्तम आहे, पार्कला जाणार आहोत. दुपारपर्यंत ही बातमी अत्तरांच्या विभागापासून गोडाऊनपर्यंत पोचली. कॅशवरच्या मुलीने विचारलं, तुम्ही त्या उलट्या होणाऱ्या पाळण्यात बसणार का? मी म्हटलं, मी तुमच्या रांगा सांभाळलेली बाई आहे, उलटंसुलटं व्हायला मला वेगळा पाळणा कशाला हवा.

मग मी बूट शोधायला लागले. हे काम मी सव्वा महिना केलं असतं तरी मला कंटाळा आला नसता. लोकांना वाटतं, पार्कला जायचं म्हणजे धावायचे बूट घालावेत. धावायच्या बुटाला टाच उंच असते, तो माणसाला पुढे ढकलतो. रांगेत उभं राहायला तो काय कामाचा? पार्कात माणूस चालतो त्याहून जास्त उभा राहतो, आणि उभं राहणं चालण्यापेक्षा पायाला जड जातं, हे मला विचारा. बूट हातात घेऊन वाकवून बघायचा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्येच वाकला तर तो बूट नव्हे, सपाता आहे. टाचेकडची बाजू दाबून बघायची, ती घट्ट हवी. लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, कारण दुपारपर्यंत पाय फुगतात. मोजे बिनशिवणीचे. पाण्याच्या राइडसाठी मागे पट्टा असलेली सँडल वेगळी न्यायची, ओल्या बुटात दिवस काढायचा म्हणजे फोड ठरलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा बूट त्याच दिवशी खोक्यातून काढायचा नाही. आधी घरात, मग गल्लीत, मग बाजारात, असा रुळवायचा. नाहीतर तो चावतो, आणि चावलेला पाय घेऊन माणूस कुठेही रमत नाही.

धाकटीच्या अंगठ्याशी गाठ आहे, तिच्यासाठी पुढून रुंद जोडी काढून ठेवली. मेहुण्यांचे तळवे सपाट, त्यांच्यासाठी आतून आधार असलेली. जावई बाहेरच्या बाजूने टाच झिजवतात, हे मी लग्नातच बघून ठेवलं होतं. पिल्लूचे बूट मी बेताच्या मापाचे घेतले. मुलांचे बूट वाढत्या अंगाचे घेणाऱ्या आयांशी मी शाळेच्या बुटांच्या कोपऱ्यात असताना रोज भांडायची. टिटवीसाठी राखाडी जोडी, पाच नंबर. ती मी रोज संध्याकाळी खोक्यातून काढून दोन्ही हातांनी वाकवून ठेवायची, म्हणजे तळ थोडा मऊ पडेल.

आणि तीच राखाडी जोडी, सात नंबरची, मी स्वतःसाठी घेतली. आमच्या घराण्यात माझेच पाय मोठे. दुकानात काळे बूट घालायचा नियम आहे, पण मॅनेजरबाईंनी कानाडोळा केला. सकाळी मी तासभर आधी निघायची आणि नदीकाठच्या रस्त्याने चालत यायची. पहिल्या दिवशी पोटऱ्या अशा दुखल्या की दुपारी मला स्टूलवरून उठता येईना. दहाव्या दिवशी मी न थांबता पूल ओलांडला. एकोणसाठाव्या वर्षी माणसाने कशाचा अभिमान बाळगावा याला काही धरबंध नाही.

मला पाळण्यात बसायचं नव्हतं हो. मला रांगेत उभं राहायचं होतं. त्या पार्कात म्हणे एकेका राइडला तासतास रांग असते, लोक वैतागतात. मला त्या रांगेचाच लोभ होता. रांगेत टिटवीला कुठे जाता येणार नव्हतं. फोनवर ती नेहमी निघालेली असते, घरी येते तेव्हा तिची गाडी चुकीच्या जागी लावलेली असते, सणावारी आली तर धाकटीचं घर आधी. दोन दिवस, एका ठिकाणी, एका दोरीच्या अलीकडे ती आणि मी उभ्या, आणि तिची अखंड टकळी. मी तिला पिल्लूच्या वयाची असल्यापासून किती आवडीने ऐकत आले ते तिला कधी सांगितलेलं नाही. हे सगळं मला इतकं हवं होतं, की सकाळी पुलावर चालताना मी मनातल्या मनात तिला उत्तरंसुद्धा द्यायची.

आता मास्तरांचं सांगते. आमचं गोडाऊन सांभाळणारे मास्तर कोणे एके काळी दोन वर्षं शाळेत भाषा शिकवत होते, तेवढ्यावर त्यांना जन्माची पदवी मिळाली. दुकानातल्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ ते अजून खिशातल्या पेनने दुरुस्त करतात. एकदा मी शिडी धरून उभी होते आणि पार्कबद्दल सांगत होते, तेव्हा त्यांनी वरून विचारलं, भाचीने नेमकं कुठल्या शब्दांत सांगितलं?

"जाणार आहोत, असं म्हणाली," मी म्हटलं.

"कर्ता कुठाय?"

"कसला कर्ता?"

"कोण जाणार आहोत? आपण, की आम्ही?" ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. "आपण म्हटलं की ऐकणारा आत. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर. नुसत्या क्रियापदावरून कळत नाही."

मी शिडी सोडून दिली. तुमचं क्रियापद खोक्यात भरा आणि वरच्या फळीवर ठेवा, असंही मी म्हटलं. ते बिचारे चेष्टाच करत होते. पण त्या क्षणापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मी ते वाक्य आठवायला लागले. पुढच्या महिन्यात, त्या मोठ्या पार्कला, जाणार आहोत. त्याआधी काही होतं का? गाड्यांच्या आवाजात एखादा लहानसा शब्द सुटला असेल का? माझ्या कानात कधी आपण वाजायचं, कधी आम्ही, आणि जेवढं आठवावं तेवढं ते वाक्य अधिकच कोरं होत जायचं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी टिटवीला फोन केला. म्हटलं, बुटांच्या दृष्टीने विचारतेय, किती वाजता निघायचं? ती म्हणाली, सातला निघायचं, नाहीतर गेटवर अडकायला होतं. दोन दिवसांनी पुन्हा केला. दुपारच्या खाण्याचं काय? आतच खायचं, बाहेरचं नेऊ देत नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं, पाऊस आला तर? तर रेनकोट घालायचे आणि फिरायचं, मावशी, तू इतकी काळजी करू नकोस. निघायचं, खायचं, घालायचे, फिरायचं. आपल्या भाषेत माणूस अख्खा प्रवास उरकून परत येऊ शकतो आणि कोण गेलं होतं याचा पत्तासुद्धा लागत नाही.

सरळ विचारायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, हेच झालं होतं.

जाण्याच्या आदल्या शनिवारी सगळे बूट बघायला आले. संध्याकाळीच या, असं मी बजावलं होतं. सकाळचा पाय खोटा असतो, खरा पाय संध्याकाळी भेटतो. दुकान माणसांनी फुललेलं होतं, तरी मी भिंतीलगतचा लांब बाक राखून ठेवला होता. धाकटी, मेहुणे, जावई, टिटवी आणि टोकाला पिल्लू, असे सगळे ओळीने बसले आणि मी स्टूल ओढून घेतलं. काय सांगू, तो अर्धा तास फार सुखाचा गेला. धाकटीने रुंद जोडीत पाय घातला आणि तिचा चेहरा सैल झाला. इतकी वर्षं मी दुखरे बूटच घालत होते की काय, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तू कधी मला विचारलंस? मेहुण्यांना मी टाचेशी नाडीचा जादा फास कसा घ्यायचा ते दाखवलं. जावयांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, तो गुणी माणूस आहे. पिल्लू बुटातला दिवा लागत नाही म्हणून रुसली आणि मग तिला समजलं की या बुटांनी उडी लांब जाते.

शेवटी टिटवीसमोर बसले. तिची राखाडी जोडी काढली, नाड्या सैल केल्या, तिची टाच हातात घेतली आणि बूट चढवायला गेले. पाय आत जाईना.

"मावशी, हे पाचचे आहेत का?"

"तुझं पाचच आहे."

"पाच होतं गं. पिल्लूच्या वेळी पाय वाढले, ते परत आलेच नाहीत. मी सहा घालते आता. सांगितलं नव्हतं का तुला?"

पिल्लू पाच वर्षांची आहे. बाळंतपणात पाय वाढतो हे मी शेकडो बायकांना सांगितलंय, त्यांच्या खोट्या पाचांवर अंगठा ठेवलाय. तिची टाच माझ्या हातात होती आणि ती माझ्या ओळखीची नव्हती. मी मास्तरांना हाक मारली आणि सहाची राखाडी आणायला सांगितली. आवाज नीट निघाला.

तेवढ्यात मेहुणे जावयांना म्हणाले, मागच्या सीटवर तिघं म्हणजे थोडं दाटीनेच बसावं लागेल. जावई म्हणाले, दोन-अडीच तासांचाच तर रस्ता आहे. मी मान खालीच ठेवली. पुढे दोन, मागे तीन. माझ्यासमोर बाकाखाली नव्या बुटांतले आठ पाय आणि मोज्यातले दोन होते, ते मी मोजले. मोजायची गरज नव्हती.

"आणि मावशी," टिटवी म्हणाली, "रविवारी परत येताना आम्ही तुझ्याकडे चहाला थांबू हं. आम्ही पाचजण दमून येऊ, काही घाट घालू नकोस."

आम्ही. स्वच्छ, ठळक, दोनदा. तीन आठवडे मी ज्या शब्दासाठी कान टवकारले होते तो असा आयता पदरात पडला. मी पिल्लूच्या बुटाची सुटलेली पट्टी पुन्हा लावली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, चहाचं दूध आणून ठेवीन.

पिल्लू बाकावरून खाली वाकून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, मावशीआजीचे बूट आईच्यासारखेच आहेत, पण घाण झालेत. सगळे हसले. टिटवी हसली नाही. ती माझ्या बुटांकडे बघत राहिली. तळाच्या कडेला नदीकाठची माती होती, पुढची घडी पडून पांढरी झाली होती. मी काळ्या बुटांशिवाय दुकानात कधी काही घालत नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

तिने सगळ्यांना गाडीकडे पाठवलं. सहाची जोडी घालून बघते आणि आलेच, म्हणाली. धाकटी जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेली, तिला काही कळलं नव्हतं. मास्तर खोकं ठेवून गेले, त्यांना सगळं कळलं होतं. मी टिटवीच्या पायात बूट चढवला, नाडी ओवायला घेतली.

"तुझे कधी घेतलेस?"

"झाले तीन आठवडे."

"एवढे कशाने झिजले?"

दोन-तीन थापा माझ्या ओठावर तयार होत्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, दुकानाने नमुना म्हणून दिलेत. तेहतीस वर्षं मी लोकांच्या पायांची खोटी मापं ऐकून घेतली, माझ्याच्याने आणखी एक सांगवेना.

"मला वाटलं, मी पण येतेय," मी म्हटलं.

टिटवी गप्प झाली. टिटवी गप्प होते तेव्हा काय करायचं हे मला कधीच शिकावं लागलं नव्हतं. मी नाडीचा फास एकदा घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"मी तुला विचारलं नाही," ती शेवटी म्हणाली. "मुद्दाम नाही गं. मनातच आलं नाही. शनिवार-रविवारी तू मोकळी नसतेस. लहान असताना मी विचारायचे ना, आणि तू बघू म्हणायचीस. मग विचारायचं कधी सोडलं ते मला आठवतसुद्धा नाही."

तक्रारीचा सूर नव्हता. एखादी जुनी सवय सांगावी तसं तिने सांगितलं, आणि तेच माझ्या काळजाला लागलं. तिने तक्रार केली असती तर मला भांडता आलं असतं, भांडण मला येतं. तिने शिक्का मागायचं सोडलं, मग रविवार मागायचे सोडले, मग मलाच त्या दिवसांतून काढून टाकलं, आणि या सगळ्याचा माझ्यावर राग म्हणून कुठे उरलाच नव्हता.

"मी सुटी काढलीय," मी म्हटलं. शाळेतल्या पोरीसारखं ते तोंडातून निघून गेलं.

तिचे डोळे भरले. गाडीचं काहीतरी करता येईल का, असं ती पुटपुटायला लागली. तिकिटं पाचच आहेत, पण बघू या, आई-बाबांना... मी तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, धाकटीला डिकीत घालायचं असेल तर मला आवडेल, पण तिच्या अंगठ्याला ते सोसणार नाही. ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

"मला यायचं होतं," मी म्हणाले. "पाळण्यांसाठी नाही. तुझ्याबरोबर चालायचं होतं दोन दिवस. बाकी काही नाही."

एवढं सरळ वाक्य मी तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन. त्यात कर्ता, कर्म, सगळं होतं. बोलून झाल्यावर मला करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी दुसरी नाडी बांधली आणि जे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते तेच तिला सांगितलं. ऊठ, आरशापर्यंत चालून बघ.

ती उठली. आरशाकडे गेली नाही. माझ्यासमोर हात पुढे करून उभी राहिली. "आरशापर्यंत काय कळणार? बूट खरा कळायला वीस मिनिटं लागतात, असं तूच सांगतेस. चल."

शनिवारची संध्याकाळ होती, तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. तेहतीस वर्षांत मी या वेळी विभाग सोडून पाणी प्यायलाही गेलेली नाही. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर येऊन माझ्या स्टूलवर बसले आणि समोरच्या बाईंना म्हणाले, पाय पुढे करा. टिटवीने मला ओढून उठवलं, माझे दोन्ही गुडघे वाजले.

आम्ही पिशव्यांच्या विभागातून निघालो, घड्याळांकडून सरकत्या जिन्याने वर गेलो, वरच्या मजल्यावर भांड्यांना वळसा घातला. सुरुवातीला ती फक्त बुटांबद्दल बोलत होती, टाच धरतेय, करंगळीशी जरा घट्ट आहे. मी म्हटलं, दोन दिवसांत सैल होईल. मग पिल्लूच्या शाळेचं निघालं, मग तिच्या ऑफिसातल्या एका माणसाचं, जो रोज तिचं पेन पळवतो. बोलता बोलता तिने माझा दंड धरला, गर्दीत लहानपणी धरायची तिथेच, फक्त आता तिला त्यासाठी हात वर करावा लागत नव्हता. उशा-चादरींच्या मजल्यावर एक मॅनेजर मला बघून थबकला. मी त्याला मानेनेच नमस्कार केला आणि चालत राहिले. वीस मिनिटं केव्हाच झाली होती. जिने संपले की ती म्हणायची, अजून एकदा? आणि मी बघू म्हणत नव्हते.

तिसऱ्या फेरीला पडद्यांपाशी तिचा फोन वाजला. धाकटीचा आवाज मला बाजूने चालतानाही ऐकू येत होता. कुठे अडकलीस, पिल्लू कंटाळलीय, तुझे बाबा दोनदा वर येऊन शोधून गेले.

टिटवी थांबली नाही. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माझा दंड.

"थोडा वेळ लागेल, आई," ती म्हणाली. "आम्ही चालतोय."

फोनच्या पलीकडे तिची आई होती, आणि अलीकडे आम्ही.